मागच्या ओळीत थांबलेला पेला

प्रभुभोजनाचा रस करायचा तो रंगुबाईनेच, हा त्या ख्रिस्ती मंडळीत न लिहिलेला कायदा होता. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या. या खटाटोपाचा मान एकच. बायकांच्या बाजूला पेला पहिल्यांदा तिच्या हाती यायचा. बहात्तरच्या दुष्काळात राहुरीच्या वरच्या माळावरच्या सगळ्या विहिरी आटल्या, पण रंगुबाईचा मान काही आटला नाही.

वर्षातून दोनदा आसपासच्या गावांची मंडळी माळावरच्या या गावात जमायची. शनिवारी तयारीची भक्ती, मग सगळ्यांचं एकत्र जेवण आणि रविवारी प्रभुभोजन. येशूची आठवण म्हणून प्यायचा पेला हातोहात फिरायचा, बायकांकडे एक आणि पुरुषांकडे एक. फक्त एक रीत कडक होती. मनात कुणाविषयी अढी असेल त्याने ती शनिवारीच बोलून मोकळं व्हायचं, नाहीतर पेल्याला तोंड लावायचं नाही.

त्या शनिवारी दुपारी शेजारीण भीमाबाई धापा टाकत चुलीपाशी आली.

"रंगू, ऐकलंस का? बायकांकडं पेला कोन फिरवनार? राहुरीच्या मंडळीनं सहादेवाला सेवक निवडलाय. तुझा जावई!"

रंगुबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "माझा कुनी जावई न्हाई," ती म्हणाली आणि फडकं पुन्हा पिळू लागली.

त्याचं असं होतं. या लोकांच्या आजा-पणजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वरची आळी महारांची होती आणि खालची मांगांची. नावं बदलली, सण बदलले, एकमेकांना सलाम घालू लागले, पण आळ्या जिथल्या तिथेच राहिल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा. चर्चमध्ये पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, म्हणायचे, कुणीही कुठेही बसा. आणि जो तो बरोबर आपापल्या जागी बसायचा, वरची आळी पुढे, खालची मागे. म्हणजे पेला वरच्यांच्या ओठांना आधी लागायचा, आणि खालच्यांचं उष्टं वरच्यांनी पिण्याचा प्रसंगच यायचा नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

वरच्या आळीतल्या रंगुबाईच्या एकुलत्या एका लेकीने, मनकर्णाने, दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीतल्या सहादेवाशी लग्न केलं आणि दोघं राहुरीला गेली. विधवा रंगुबाई लग्नाला गेली नाही. गेल्या उन्हाळ्यात मनकर्णाचं तान्हं पोरगं तापाने फणफणलं, निरोप आला, तरी ती गेली नाही. पोरगं गेलं. "गाडीच मिळाली न्हाई," असं ती गावभर सांगत राहिली.

पण लेक ती लेक. रिकाम्या घरात तिची आठवण रंगुबाईला जाळत होती, हे भीमाबाईला कळत होतं.

"उद्या त्याच्या हातचा पेला घे," भीमाबाई म्हणाली. "समद्यांसमोर घे. लेक परत यील. न्हाई घेतलास तर कायमची गेली म्हनून समज."

रंगुबाईने मनाशी हिशेब केला. पेला पाळकसाहेबांकडून निघणार, सहादेव नुसता आणून देणार, आणि पहिला घोट आपलाच. म्हणजे लेकही मिळेल आणि बाटण्याचाही प्रश्न नाही. तयारीच्या भक्तीत ती ताडकन उठली. "माझं कुनाशी वाकडं न्हाई," असं ठणकावून सांगून खाली बसली.

राहुरीची बैलगाडी आली तेव्हा भक्ती संपली होती. "सलाम, आई," मनकर्णा म्हणाली. ती पार वाळली होती. "सलाम," रंगुबाई म्हणाली आणि आलेल्या इतर बायकांना वाढायला वळली. उद्या पेला घेतला की आपोआप सगळं नीट होईल, अशी तिची समजूत होती.

रविवारी चर्च गच्च भरलं. सहादेव पेला घेऊन आला तशा बायका सावरून बसल्या. रंगुबाईने वर पाहिलं. त्याने पेला दोन्ही हातांनी पुढे केला. तिने पेला घेतला, घोट घेतला आणि शेजारी दिला. भीमाबाईने सुटकेचा श्वास टाकला. रंगुबाईलाही स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोला.

पेला मागे सरकत गेला आणि शेवटच्या ओळीत थांबला.

खालच्या आळीच्या बायकांत बसलेल्या मनकर्णाने तो दोन्ही हातांत धरला होता. पीतही नव्हती, पुढेही देत नव्हती. माना मागे वळू लागल्या.

"काय झालं, बाई?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मनकर्णा उभी राहिली. "मला पिता येत न्हाई, साहेब. माझ्या मनात हाय. आईविषयी हाय."

रंगुबाईचा चेहरा उतरला. माफ करायचं ते आपण, असंच ती दोन वर्षं धरून चालली होती. लेकीलाही काही माफ करायचं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं चर्च आता तिच्याकडे बघत होतं. ती उठली आणि माणसांमधून वाट काढत मागे गेली.

"पोरगं आजारी हुतं तवा निरोप धाडला," मनकर्णा म्हणाली. "का न्हाई आलीस?"

गाडीचं उत्तर रंगुबाईच्या जिभेवर तयार होतं. इतक्यांदा सांगितलेलं की तिला स्वतःलाही खरं वाटायचं. पण लेक समोर होती, हातात पेला होता, आणि आज खोटं बोललं तर ही पोरगी पुन्हा तोंड दाखवणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

"गाडी हुती," ती म्हणाली. "दारात जुंपून उभी हुती. तुझ्या घरचं पानी प्यावं लागलं असतं, म्हनून आले न्हाई."

वरच्या आळीतल्या एकाही बाईने मान वर केली नाही. सहादेव भिंतीकडे बघत उभा राहिला.

मनकर्णाने पेला उचलला, घोट घेतला आणि आईपुढे धरला. त्या ओळीतल्या कितीतरी जणींचे ओठ लागलेला पेला. "आता माझ्या मागनं पी," ती म्हणाली.

एकाच भोजनात दोनदा प्यायची रीत नव्हती. पाळकसाहेबांनी अडवलं नाही. रंगुबाई प्यायली. थोडा रस लुगड्यावर सांडला. मनकर्णाने आईला जवळ घेतलं नाही, पण सरकून जागा दिली, आणि रंगुबाई मागच्या ओळीत, लेकीला लागून बसली. पेला पुढे गेला.

रंगुबाईने हळूच विचारलं, "पोरगं... कुनावर गेलं हुतं गं?"

मनकर्णाने समोर बघतच उत्तर दिलं.

"तुझ्यावर."