फोनपाशी बसवलेला माणूस

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरल्या शिरल्या सासूबाईंनी रुमाल काढला आणि समोरचा लाकडी कठडा स्वच्छ पुसून घेतला. कोर्ट असो की कुणाचं घर, धुळीवर हात टेकायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

मागच्या बाकावर सुनेचा जीव टांगणीला लागला होता. नऊ वर्षांपूर्वी कामावर म्हणून गेलेला तिचा नवरा परतलाच नव्हता. आता तिला गल्लीतल्या चष्मेवाल्याशी लग्न करायचं होतं. पण पहिला नवरा हयात नाही असं कोर्टाने मानल्याशिवाय ते होणार नव्हतं. सात वर्षांत ज्यांना त्याची खबर लागायला हवी, त्यांना ती लागलेली नाही, एवढं सिद्ध करायचं होतं. खबर लागली असती तर आईलाच. म्हणजे सगळी भिस्त सासूबाईंवर.

"काही कळलं नाही, एवढंच म्हणा," वकीलबाईंनी त्यांना बजावलं होतं. "घरातल्या फोनचं अजिबात काढू नका."

घरात जुना, तारेचा फोन अजून चालू होता. मुलाला तोच नंबर पाठ होता ना! पण आईच अशी वाट बघतेय म्हटल्यावर न्यायाधीश काय मानणार होते?

"मुलाची काही खबर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. फोन आला नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. शिकवलेलं ऐकणाऱ्यांतल्या सासूबाई नव्हत्याच.

"तुम्ही घरी नसताना येऊन गेला असेल."

"नऊ वर्षांत तासभरसुद्धा फोन सोडला नाही, साहेब. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेले नाही. ही दाढ काढायची राहिलीय." त्यांनी गालावर बोट ठेवलं. "खबर नाही, हे खरं. तो गेला, असं मात्र माझ्याच्याने म्हणवणार नाही. ते तुम्ही लिहा. हिला मोकळी करा."

सुनेने मान खाली घातली. एवढं खरं बोलायला केवढी छाती लागते!

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"मग आत्ता फोनपाशी कोण आहे?"

"बसवलाय एकाला. विश्वासाचा आहे."

अर्ज मंजूर झाला. दुपारी दोघी घरी आल्या, तर दार उघडंच होतं. फोनशेजारच्या स्टुलावर, दुकान बंद ठेवून, चष्मेवाला ताठ बसला होता. समोरचा चहा निवून त्यावर साय आली होती. सून उंबरठ्यावरच थांबली. तो फोन वाजला असता तर लग्न मोडणार होतं ते त्याचंच.

"वाजला?" सासूबाईंनी विचारलं.

"एकदा. राँग नंबर होता, मावशी. तरी मी दोनदा नाव विचारून घेतलं."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मी बसते आता. तुम्ही दोघं जाऊन लग्नाची तारीख घेऊन या."