सदोष लाकूड

बाईंनी तुटलेल्या दंडुक्याचे दोन तुकडे टेबलावर ठेवले, एकमेकांना भिडवले आणि पुन्हा हलकेच अलग केले. तुटलेल्या तोंडांवर लाकडाचे लांब, टोकदार तंतू उभे राहिले होते. भिंगातून त्या बराच वेळ पाहत होत्या. समोर उभ्या असलेल्या भांडारप्रमुखांनी तेवढ्या वेळात किल्ल्यांची जुडी दोनदा टेबलावर ठेवली आणि दोनदा उचलली.

“खराब लाकूड कसं तुटतं, माहीत आहे तुम्हाला?” बाईंनी मान वर न करता विचारले.

“कसं?”

“खडूसारखं. एका झटक्यात, सपाट. हे तसं तुटलेलं नाही. हे शेवटपर्यंत धरून राहिलं होतं.”

बाई विद्यापीठात संशोधन करीत. पोलिसांकडून होणाऱ्या अवाजवी मारहाणीची जाहीर चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला गेला होता. त्याच्यासाठी त्यांचा अभ्यास चालला होता. तक्रारी मोजून काही हाती लागत नव्हते, कारण मार खाल्लेल्या माणसाला तक्रार नोंदवायला त्याच ठाण्याची पायरी पुन्हा चढावी लागे. मग कुणीतरी त्यांना सांगितले की, पोलीस भांडारातून नवा दंडुका हवा असेल तर जुन्याचे दोन्ही तुकडे जमा करावे लागतात, आणि त्या तुकड्यांना चिठ्ठी बांधून त्यांची नोंद ठेवणारा एक गृहस्थ तिथे एकोणीस वर्षे बसला आहे.

तो नियम भांडारप्रमुखांनीच हट्टाने अमलात आणला होता. तारीख, ठाणे, नग, कारण असे चार रकाने, आणि कोरा रकाना त्यांना सहन होत नसे. खात्यात त्यांना पाठीमागे ‘रकानेसाहेब’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

“सहा वर्षांत चारशे चौदा,” बाई म्हणाल्या. “त्यातले दोनशे एकतीस एकट्या नदीपलीकडच्या ठाण्याचे. आणि चौथ्या रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच शब्द. ‘सदोष लाकूड’. मध्ये पुरवठादारसुद्धा बदलला. तरी तुटण्याचा वेग तोच राहिला, आणि शब्दही तेच.”

“रकाना कोरा ठेवता येत नाही,” भांडारप्रमुख म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतके अपुरे वाटले की त्यांनी किल्ल्या तिसऱ्यांदा उचलल्या.

“गुरुवारी जाहीर सुनावणी आहे. खातं म्हणणार, दंडुके मारहाणीनं नाही तुटले, मालच खराब होता. पुरावा म्हणून तुमचीच नोंदवही पुढं करतील. मी वीस तुकडे तपासून घेतलेत, लाकूड उत्तम आहे. पण ते वीसच. बाकीच्या सगळ्यांवर तुमचं अक्षर आहे.” बाईंनी भिंग मिटले. “तुम्ही येऊन खरं सांगितलंत तर माझा अभ्यास उभा राहील. नाही तर तुमच्या त्या दोन शब्दांनी तो आडवा होईल.”

दुपारी उपअधीक्षक स्वतः भांडारात आले. असे ते कधी येत नसत. त्यांनी वहीची पाने कौतुकाने चाळली.

“काय अक्षर आहे हो! आम्हाला वेगळा वकील कशाला हवा?” ते हसून म्हणाले. “दोन महिन्यांत निवृत्त होऊन सुटलात ना तुम्ही? मग आता कशाला कुणाच्या अध्यात न् मध्यात पडता. वही तेवढी पाठवून द्या.”

“वही माझ्याशिवाय बाहेर जात नाही, साहेब.”

“मग वहीबरोबर या. गप्प बसायला काय कष्ट पडतात?”

संध्याकाळी भांडारप्रमुख घरी पोहोचले तेव्हा वडील दारातच काठी टेकून उभे होते. ऐंशी पार केलेला तो दणकट देह आपले सगळे वजन काठीवर टाकून उभा राहत असे. बारा वर्षांपूर्वी वडिलांचा पाय मोडला, तेव्हा खात्याला दंडुके पुरवणाऱ्या कातारी मिस्त्रीने दंडुक्याच्याच लाकडाची ही काठी लेथवर कातून दिली होती.

“काय रे, मघापासून माझ्याकडं बघतोयस की काठीकडं?”

“काठीकडे.”

“बघ, बघ. परवा जिन्यावरून घसरलो तर सगळं अंग हिच्यावर आलं. मी मोडलो, ही नाही मोडली.” वडील स्वतःच्या विनोदावर हसले. “कोणी केली म्हणाला होतास?”

“कातारी मिस्त्रीनं.”

“काय?” वडिलांना कमी ऐकू येई.

“मिस्त्रीनं!”

“आहे ना अजून? मग सांग की त्याला. चांगल्या कामाचं चांगलं कोणी सांगतच नाही.”

भांडारप्रमुखांनी चपला काढल्या नव्हत्याच. ते तसेच मागे वळले.

कातारीचे दुकान बाजारामागच्या बोळात होते. लेथ बंद होता, आणि एक गिऱ्हाईक पाळण्याच्या पायांचे माप देत होते. भांडारप्रमुख उंबऱ्याशी थबकले.

“एक आधीच सांगून ठेवतो,” मिस्त्री त्या गिऱ्हाइकाला म्हणत होता, “माझं लाकूड मागं एकदा नापास झालेलं आहे. सरकारी कागद आहे तो तिथं, खिळ्याला. वाचा, आणि मग ठरवा.”

गिऱ्हाइकाने कागदाकडे पाहिल्यासारखे केले. “अहो, पाळण्याला असं काय होणार आहे?”

“तरी वाचा. लेकराचा पाळणा आहे.”

कागद दुरूनही ओळखू येत होता. ‘आपण पुरविलेल्या मालात वारंवार निदर्शनास आलेले दोष लक्षात घेता’ अशी त्याची सुरुवात होती. तीन वर्षांपूर्वी भांडारप्रमुखांनीच तो लिहिला होता; वाक्य नीट तोलले जावे म्हणून तीन खर्डे फाडले होते. चौथा खर्डा साधल्यावर त्यांनी तो स्वतःशीच मोठ्याने वाचून पाहिला होता, हेही त्यांना आता आठवले.

गिऱ्हाईक गेले. मिस्त्रीने त्यांना पाहिले आणि बाहीने स्टूल पुसले.

“या साहेब. बरेच दिवसांनी. बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत. मिस्त्री, हे तुम्ही सगळ्यांना सांगता?”

“सांगावं लागतं. माणूस विश्वासानं येतो. कागद आला तेव्हा मी वखार बदलली. लाकूड दोन-दोन वर्षं सावलीत वाळवलं, तेल पाजलं. कुठं चुकलं ते काही सापडलं नाही बघा.” त्याने हातातला भुसा झटकला. “मला घोर वेगळाच होता. पोलिसाच्या हातात ऐन वेळी दंडुका मोडला म्हणजे त्या बिचाऱ्याच्या जिवाशी खेळ. कुणाला काही झालं तर नसेल ना? तुम्हाला विचारायला यावं असं कितीदा वाटलं. लाजेनं आलो नाही.”

“लाकूड चांगलं होतं,” भांडारप्रमुख म्हणाले.

मिस्त्रीला वाटले, साहेब मन राखण्यासाठी बोलत आहेत.

“खरंच चांगलं होतं. प्रयोगशाळेत तपासून झालंय. ‘सदोष’ मी लिहिलं. हा कागदही मीच लिहिला.”

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आधी तो हळूहळू उजळला. त्याने लेथच्या लोखंडी अंगावर, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला. “म्हणजे माझं नव्हतं चुकलं,” तो म्हणाला. खिळ्यापर्यंत जाऊन त्याने कागदाला हात घातला. मग हात तसाच राहिला.

“मग तुटले कसे, साहेब?”

पहिल्या खेपेची सकाळ भांडारप्रमुखांना स्पष्ट आठवत होती. नदीपलीकडच्या ठाण्याचा हवालदार तीन दंडुके घेऊन आला होता. ‘पोचट निघालं लाकूड, लिहा की,’ असे हसत म्हणाला होता. तो गेल्यावर चिठ्ठी बांधताना एका तुकड्याच्या तंतूंत अडकलेला लांब काळा केस त्यांना दिसला. त्यांनी तो चिमटीत धरून ओढून काढला, खिडकीबाहेर सोडला, बोटे पुसली आणि चौथा रकाना भरला. ते नुसते मिस्त्रीकडे पाहत राहिले, आणि मिस्त्रीला ते पाहणे पुरले.

मिस्त्रीने कोपऱ्यातून खुर्चीचा एक कातलेला पाय उचलला आणि बाकाच्या कडेवर सारी ताकद लावून आपटला. पाय तुटला नाही. त्याने पुन्हा आपटला, मग तिसऱ्यांदा. बाकाचा टवका उडाला. धाप लागल्यावर त्याने पाय खाली ठेवला आणि तळहात उघडून पाहिला.

“एवढ्यानं नाही तुटत,” तो म्हणाला.

माफी मागायला म्हणून भांडारप्रमुख आले होते. पण आता माफी मागणे म्हणजे त्या माणसाच्या अंगावर आणखी एक ओझे टाकणे होते. “गुरुवारी सुनावणी आहे,” एवढेच ते बोलले. “मी सांगणार आहे.” कागद अजून खिळ्यालाच होता.

गुरुवारी सभागृहात खुर्च्यांचे दोन भाग केले होते, डावीकडे तक्रारदार आणि उजवीकडे खाते. बाईंनी भांडारप्रमुखांना डावीकडे नेऊन बसवले. शेजारच्या प्रौढ स्त्रीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना जागा करून दिली. तिच्या पलीकडे तिचा मुलगा बसला होता. त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता.

“बसा ना, भाऊ. तुमच्या घरातलं कोण?”

“कोणी नाही. मी साक्षीला आलोय.”

“बरं झालं. आमच्याकडं साक्षीदारच नाही.” ती खालच्या आवाजात बोलू लागली. “पोलीस म्हणतात, ‘अकरा मार्चला आमचं कुणी तुमच्या वस्तीत फिरकलंच नाही.’ हात कसा मोडला ते राहू द्या, तारीखच मानत नाहीत. आता मी त्याची आई, मी ती तारीख विसरेन का?”

भांडारप्रमुखांनी मांडीवरच्या वहीवर दोन्ही हात दाबून धरले. अकरा मार्च कुठल्या पानावर, वरून कितव्या ओळीत, हे त्यांना वही न उघडता ठाऊक होते. त्या स्त्रीने पुढे केलेली पाण्याची बाटली त्यांना घेववेना.

तेवढ्यात दाराशी मिस्त्री दिसला. धुतलेला सदरा, हात मागे बांधलेले.

“तक्रारदार डावीकडे, खातं उजवीकडे,” दारावरचा शिपाई म्हणाला. “आपण कोणाकडून?”

“दंडुके माझे,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणजे?”

मिस्त्रीने दोन्ही बाजू पाहून घेतल्या. मग तो उजवीकडे गेला आणि शेवटच्या रांगेत, भिंतीच्या कडेला बसला.

भांडारप्रमुख उठले.

“का हो? इथंच बसा की,” ती स्त्री म्हणाली.

“नाही, ताई. माझी जागा तिकडे आहे.”

मधली वाट ओलांडून ते उजवीकडे गेले. पहिल्या रांगेत बसलेल्या उपअधीक्षकांनी मान वळवून ते पाहिले आणि समाधानाने हसले. समोरून संशोधक बाईंनीही पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. भांडारप्रमुख शेवटच्या रांगेत मिस्त्रीशेजारी बसले. मिस्त्री थोडा सरकला.

“माझा माल चांगला होता हे सांगायची घाई करू नका,” तो पुटपुटला. “आधी बाकीचं. माझं राहिलं तरी चालेल.”

पुकारा झाला. भांडारप्रमुख पुढे गेले, चष्मा पुसला, वही उघडली.

“दंडुके तुटण्याचं कारण आपणच नोंदवलंत?” अध्यक्षांनी विचारले.

“होय. मीच. ते खोटं आहे. लाकडात दोष नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” उपअधीक्षक अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. “बाकीचे तीन रकाने खरे आहेत. परवानगी असेल तर तेवढेच वाचतो.”

अध्यक्षांनी मान हलवली. भांडारप्रमुखांनी डावा तळहात चौथ्या रकान्यावर उभा धरला, स्वतःचे अक्षर स्वतःलाही दिसू नये असा, आणि ते वाचू लागले.

“दोन मार्च. नदीपलीकडचं ठाणं. तीन नग. सात मार्च. नदीपलीकडचं ठाणं. दोन नग. अकरा मार्च.”

डावीकडे एक खुर्ची करकरत मागे सरकली. त्यांनी मान वर केली नाही.

“नदीपलीकडचं ठाणं,” ते म्हणाले. “चार नग.”