मल्हारनं बाटली घेतली

करिश्मा एसटीत कंडक्टर. बाळंतपणाची रजा संपत आली, पण तिचा मल्हार अजून फक्त अंगावरच प्यायचा. तिनं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं, बाटली उकळून घेतली. सासूबाई म्हाळसाबाईंनी पोराला मांडीवर आडवं टाकून बाटली तोंडात दिली, तर दूध भसाभसा घशात उतरलं. मल्हारला ठसका लागला आणि तो पाठ ताणून रडायला लागला.

"राहू द्या, आत्या," करिश्मा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

तिचा नवरा रामहरी सास्तूर गावात त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायचा. "म्या बघतो," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्यानं बाटलीला हात लावला नाही. मशीन बंद ठेवून करिश्मा पाजते कशी, तेच बघत बसला. मल्हार आधी तोंड उघडायचा, मग ती त्याला जवळ घ्यायची. थोडं पिऊन तो थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा लागायचा.

आई जवळ असली की पोरगं बाटली घेणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी रामहरीनं तिला शेजारी पाठवलं. दुधाची बाटली गरम पाण्यात धरून कोमट केली. पोराला मांडीवर जवळजवळ बसतं धरलं, बाटली आडवी ठेवली आणि निप्पल नुसतं ओठाला टेकवलं.

"घाल की तोंडात," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"मागू द्या त्याला."

मल्हारनं तोंड फिरवलं. रामहरीनं बाटली बाजूला ठेवली, त्याला अंगणात शेळ्या दाखवून आणलं आणि पुन्हा बसला. या वेळी मल्हारनं तोंड उघडलं. चार घोट झाले की रामहरी बाटली खाली झुकवायचा, त्याला दम घेऊ द्यायचा. मध्येच, करिश्मा बाजू बदलायची तसं, त्यानं पोराला दुसऱ्या हातावर घेतलं. थोडं दूध उरलं तेव्हा मल्हारनं मान वळवली. रामहरीनं बाटली पुन्हा पुढं केली नाही.

म्हाळसाबाई बघतच राहिल्या. "एवढी लेकरं वाढवली, पर एवढा दम मला न्हाय निघाला," त्या म्हणाल्या.

रजा संपली आणि करिश्मा कामावर गेली. पोरगं आपल्याला विसरेल, ही धास्ती तिला दिवसभर होती. संध्याकाळी तिनं हातपाय धुऊन पदर सावरला, तोवर मल्हार कुशीत शिरून प्यायलासुद्धा लागला.

लग्नसराई आली, रामहरीकडं ब्लाउजांचा ढीग पडला. तरी तो मल्हारला मांडीवर घेऊन बाटलीनं पाजत बसला होता. म्हाळसाबाई पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसल्या. "दे इकडं त्याला," त्या म्हणाल्या, "आन् कसं धरायचं ते दाव."