पुठ्ठ्याचे पंखे

"अगं ए! तो साडेसतरा आहे! त्यावर काय ठेवलंयस?"

"गरम पातेलं," मावशी म्हणाली. "दिसत नाही का?"

"फुगला ना तो वाफेनं! आता मापात राहिला का?"

"सतरावाला देऊ का? तो त्या खिळ्याला आहे. सोळावाल्यावर मी काल रात्री चहाचा टोप ठेवला होता, तो गेला."

आता तुम्ही म्हणाल, हे काय चाललंय. थांबा, सांगते. माझी मावशी आणि तिचा नवरा. नोकरीसाठी मी सहा वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत राहतेय, म्हणजे हे सगळं मी रोज बघितलंय, ऐकीव नाही. काका बोटींच्या यार्डात मिस्त्री. चौतीस वर्षं लोकांच्या शिडाच्या बोटींत इंजिनं बसवतोय. आणि घरभर खिळ्यांना पुठ्ठ्याचे पंखे. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात फिरतो तो; सतरा, साडेसतरा ही त्याची इंचातली मापं. खरा पंखा आणायच्या आधी काका पुठ्ठ्याचा कापतो, बोटीच्या शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, चढवतो, हाताने फिरवतो, आणि पातं आणि बोटीचं पोट यांच्यामध्ये आपली तीन बोटं घालून बघतो. तीन बोटं गेली की बरोबर. नाही गेली की पंखा मोठा, बोट थरथरणार. यार्डात सगळे हसतात, पण काकाची तीन बोटं कधी चुकली नाहीत.

एकदा मी डबा द्यायला गेले होते, तर एक दातांचा डॉक्टर आला. म्हणाला, "मिस्त्री, मला पन्नास घोड्यांचं इंजिन टाकायचंय. जोर पाहिजे!"

काका म्हणाला, "बोट किती टनाची?"

"सहा."

"मग पंचवीस. शिडाची बोट आहे डॉक्टर, ती तिच्या लांबीला जमेल तेवढीच पळणार. वरचे पंचवीस घोडे नुसतं डिझेल खातील आणि मागचं बूड पाण्यात दाबतील. आणि इंजिनाला काम दिलं नाही ना, की ते आतून काजळतं. माणसासारखंच आहे ते."

पाच मिनिटं! पाच मिनिटांत डॉक्टरचं इंजिन ठरलं, पंखा ठरला, डॉक्टर घरी!

आणि स्वतःची बोट? सहा वर्षं!

हो, काकाची स्वतःची बोट आहे. कुणीतरी टाकून दिलेली, काकानेच उभी केली. यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात टेकूंवर उभी. डोलकाठी झाली, शिडं झाली, आत दोन माणसांची झोपायची जागा, मावशीने शिवलेल्या गाद्या. दोघांनी ठरवलं होतं, काका नोकरीतून सुटला की किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वर्षभर, परत यायची घाई नाही. मावशीने बॅगसुद्धा भरली होती. निळी, चेनवाली. दर सहा महिन्यांनी ती बॅग उपसायची, उन्हात घालायची, परत भरायची. फक्त इंजिनाची जागा रिकामी.

"वीस घेतो," काका जेवताना म्हणायचा. पाण्याचा घोट घेऊन, "पण समोरून वारा आला आणि ओहोटीही उलटी असली तर वीस जागच्या जागी रडत बसेल." मग चाळीस. "पण चाळीस जड." मग तीस. "तीस म्हणजे धड ना इकडे ना तिकडे." मग पंख्यावर गाडी. दोन पात्यांचा घेतला तर ढकलणार कमी. तीन पात्यांचा घेतला तर शिडावर चालताना मागे बादली बांधल्यासारखा ओढणार. मिटणारा घेतला तर रिव्हर्समध्ये उघडेल की नाही देव जाणे. भात गार व्हायचा. मला तर वाटायचं, उठावं आणि सगळे पुठ्ठे चुलीत घालावेत.

मी एकदा मावशीला विचारलंच, "हा जगाला सांगतो, मग स्वतःचं का अडतं?"

ती भांडी घासत होती. म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी मित्राच्या बोटीत बारा घोड्यांचं बसवलं. मित्राकडे तेवढेच पैसे होते. बंदराच्या तोंडाशी वाऱ्यात अडकली, दगडांवर गेली. मित्र पोहत आला, पण परत कधी बोलला नाही. तेव्हापासून दुसऱ्याचं असलं की ह्यांचं डोकं चालतं. आपलं असलं की ते दगड दिसतात." मग ताट विसळत म्हणाली, "आणि बोटीत मी असणार ना."

बरं, इकडे दगड, आणि तिकडे मावशीचे गुडघे. पहिल्या वर्षी ती बादली घेऊन शिडीवरून बोटीवर चढायची. तिसऱ्या वर्षी कठडा धरून. यंदा खालीच खुर्ची टाकून बसायची आणि वरून काकाने टाकलेल्या वस्तू झेलायची. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, आता भरून येणार नाही. काकाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणून तो अजून घाबरायचा, आणि अजून एक पंखा कापायचा. डोकं फिरेल नाहीतर काय!

मग एका मंगळवारी मावशीने इंजिनवाल्याला फोन लावला. माझ्यासमोर.

"लिहून घे. बोट सात टन. पाण्यातली लांबी अठ्ठावीस फूट. इंजिन तीस घोडे. गिअर अडीचास एक. पंखा तीन पात्यांचा, सतरा इंच, पीच अकरा." पीच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकेल ते. हे मला नंतर कळलं. मावशीला जेवताना सहा वर्षं ऐकून पाठ होतं.

पलीकडचा म्हणाला, "बाई, मिस्त्रींना विचारून सांगता का?"

"मिस्त्री सहा वर्षं विचारच करतायत. तू पाठव."

इंजिन आलं तेव्हा काका लाल झाला. मग खिळ्यावरचा सतरावाला काढला आणि यार्डात गेला. मी मागोमाग. त्याने तो शाफ्टवर चढवला, फिरवला, तीन बोटं घातली. गेली. परत फिरवला, परत घातली. गेली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. कुणाला तरी रागावल्यासारखा.

नऊ दिवसांत इंजिन बसलं, दहाव्या दिवशी बोट पाण्यात. भरतीची वेळ धरली, म्हणजे बोट धक्क्याच्या पातळीला येईल. मावशी नवीन चपला घालून, बॅग घेऊन हजर. मधे फक्त बोटीचा कठडा. गुडघ्याएवढा. तिने पाय उचलला. खाली ठेवला. परत उचलला. आम्ही खोकं ठेवलं, तर बोट हलली आणि खोकंही डुगडुगलं. मी तिला मागून धरलं होतं, तरी तिने पाय परत धक्क्यावरच ठेवला.

काका म्हणाला, "साखळीची क्रेन आहे. खुर्ची बांधतो. इंजिन तिच्यानेच उतरवलं."

"मी इंजिन आहे का?" मावशी म्हणाली. "इंजिन उचलायला सहा वर्षं लावलीत, मला एका मिनिटात उचलताय होय!"

मग तीच म्हणाली, "भरती उतरेल. तुम्ही जाऊन या. बॅग तरी जाऊ दे."

काकाने बॅग घेतली आणि सुकाणूसमोरच्या बाकावर ठेवली. तिची जागा होती ती. बोट बंदराच्या तोंडापर्यंत गेली. तिथे त्याने इंजिन पूर्ण वेगाने सोडलं. मावशी धक्क्यावर खुर्चीत, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत.

"धापा टाकतंय," ती म्हणाली. "मिनिटाला दोनशे फेरे कमी पडतायत. मी पीच अकरा सांगितला होता, त्या मेल्याने बारा पाठवलाय."

काका परत आला, दोर बांधला. "दोनशे फेरे..."

"कमी. माहितीये. किती दिवस लागतील?"

"पंखा काढून पीच उतरवायचा म्हणजे... चार दिवस."

काका वर धक्क्यावर आला, तिच्या पायाशी उकिडवा बसला. खिशातून टेप काढली, फुगलेल्या साडेसतराचा तुकडा काढला, कानामागची पेन्सिल काढली.

"पाय उचल. दुखेल तिथे थांब."

तिने उचलला. टेप चपलेला लावून तो बघत राहिला. "सात इंच," म्हणाला. "पक्की पायरी करतो, कठड्याच्या दोन्ही बाजूंनी. सात-सातची." मग पेन्सिल हवेतच थांबली. "का साडेसहा ठेवू? पण मग पायऱ्या वाढतील, आणि बोट हलली तर..."

आई शप्पथ, मी ओरडणारच होते.

"सात," मावशी म्हणाली. पाय अजून वरच होता. "लिहा आधी."

त्याने लिहिलं. मग तिने पाय खाली ठेवला. मागे बोटीत बाकावर निळी बॅग एकटीच हलत होती.