मामाचा घास

बनाबाईच्या ताटातल्या भाकरीवर धनूने झडप घातली आणि तुकडा थेट तोंडाकडे नेला. बनाबाईने तो काढून घेतला, तशी नातीने पार गुंजवण्याच्या धरणापर्यंत ऐकू जाईल असा सूर लावला.

"थांब गं सोने. तुजा मामा..." बनाबाई बोलता बोलता अडखळली आणि तिने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या अश्विनीला सासूचं अर्धं वाक्य पूर्ण ऐकू आलं. पहिला घास मामाने भरवायचा, त्याआधी लेकराच्या तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, अशी दोन्ही घरांची रीत. आणि धनूचा मामा, अश्विनीचा एकुलता एक भाऊ कुमार, पोर तीन महिन्यांची असताना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. तेव्हापासून उष्टावणाचा विषय कुणी काढत नव्हतं. सगळे फार समजूतदार झाले होते. त्या समजूतदारपणाचाच अश्विनीला आता राग येऊ लागला होता.

कारण पोर थांबायला तयार नव्हती. सहा महिने कधीच भरले होते. मान घट्ट धरत होती, उशीचा जरा आधार दिला की बसत होती. पूर्वी चमच्याने औषध दिलं की जिभेने बाहेर ढकलायची; आता चमचा दिसला की आ वासायची. कुणी जेवायला बसलं की तिची नजर प्रत्येक घासाबरोबर ताटातून तोंडापर्यंत जायची. आदल्या दिवशी अंगणवाडीच्या नूतनताईंनी वजन केलं, तर ते गेल्या महिन्याएवढंच भरलं.

"नुसत्या दुधावर आता भागायचं न्हाई," नूतनताई म्हणाल्या होत्या. "कशाची वाट बघताय?"

त्या प्रश्नाची अश्विनीला रात्रभर लाज वाटत राहिली.

"आत्या, मी आज भोंगवलीला, आईकडं चाललीय," ती सासूला म्हणाली. "धनूचं उष्टावण करून आणती."

"अगं, त्या माऊलीच्या जखमेला कशाला हात लावतीस? धनाजी हाय की, चुलत मामा. त्यालाच बोलवू हितं."

"धनाजीदादा चांगलाच हाय. पण आईला न विचारता केलं, तर तिला वाटंल, लेकाची जागा आमी परस्पर भरून टाकली. मग माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ? ती न्हाई म्हणली तर मीच भरवीन. पण आज भरवीन."

बनाबाईने घरचे तांदूळ आणि मुगाची डाळ एका फडक्यात बांधून सुनेच्या पिशवीत टाकली.

कापूरहोळला एसटी बदलायची होती. थांब्यासमोरच मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कुमार तिथे कामाला होता. अश्विनी आधी पाठ करून उभी राहिली. मग तिने स्वतःलाच दटावलं आणि वळून सरळ दुकानाकडे बघितलं. इथूनच तो बारशाला आला होता, काळेकुट्ट हात घेऊन. भाचीला घ्यायला कुणी सांगितलं तर मागे सरकला. "आत्ता नगं. उष्टावणाला याच हातानं भरवणार हाय. तवर घासून घासून पांढरं करतो," म्हणाला आणि सगळे हसले होते.

भोंगवलीला अश्विनीची आई साळूबाई ओट्यावर हरभरा निवडत होती. सूप बाजूला सारून तिने नातीला मांडीवर घेतलं आणि दंड चाचपला.

"वाळली गं पोर."

"वाळणारच. मागतीया आन् आपण देत न्हाई." अश्विनीने पिशवीतलं फडकं काढून पुढे ठेवलं. "आई, खिमट शिजव. तूच भरव."

साळूबाईचा हात नातीच्या पाठीवर थांबला. "माजा हात? लेक गेल्याल्या बाईचा? मी तर धनाजीला धाडणार व्हते. पण म्हणलं, तुज्या सासूला आमच्या घरचा हातच नगं असंल. म्हणून गप बसले."

"आन् आत्यांना वाटलं, इषय काढला तर तुला लागंल. म्हणून त्या गप." अश्विनीचा आवाज चढला. "दोगी एकमेकींचं मन राखत बसलाय. हिचं पोट कुणी बघायचं?"

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अश्विनीच्याही आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

साळूबाई उठली. तिने खिमट शिजवलं, पळीने घोटून मऊ केलं. "साखर?"

"नगं म्हणल्यात नूतनताई. मीठ बी नगं."

वाटी निवायला ठेवून साळूबाई मोरीवर गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून अश्विनी पोरीला कडेवर घेऊन मागे गेली. कोनाड्यात कुमारचा धुण्याच्या पावडरीचा डबा आणि काथ्या होता, तो गेल्यापासून कुणी न हलवलेला. साळूबाई काथ्याने हात घासत होती. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, जिथे त्याच्या हातांवर मोटारीचं ऑइल बसायचं तिथे.

"आई, हात सवच्छ हायेत तुजे."

"आसूदे," साळूबाई म्हणाली. "त्यानं कबूल केलं व्हतं."

पुन्हा पुन्हा चुळकाभर पाणी घेऊन तिने पावडर धुऊन काढली, हाताचा वास घेऊन बघितला, आणि मग पदराला हात पुसले. अश्विनी धनूला मांडीवर सरळ बसवून बसली. साळूबाईने बोटाच्या टोकावर थोडंसं खिमट घेऊन धनूच्या तोंडात ठेवलं. पोरीने तोंड वाकडं केलं, घास जिभेवर घोळवला, अर्धा हनुवटीवर आला, अर्धा गिळला. मग आजीचा हात दोन्ही मुठींनी धरला आणि पुन्हा आ केला.

साळूबाई घासून लाल झालेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"आई," अश्विनी म्हणाली, "मागतीया ती."

"व्हय," साळूबाई म्हणाली आणि तिने वाटी जवळ ओढली.