तिथे कोण होतं

"साहेब, एवढं एक पान बघता का?"

मीटिंगमधल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. ऑफिसात मला 'जुनाबाजार' म्हणतात. अठ्ठावीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढलेल्या माणसाने मंत्र्यांसमोर तोंड उघडायचं, म्हणजे आगाऊपणाच. पण नदी चढत होती आणि खालची वस्ती हलवायची की नाही, हे साहेबांना दुपारपर्यंत ठरवायचं होतं. माझी धाकटी बहीण त्याच वस्तीत दिलेली.

साहेबही तिथेच वाढलेले. "आठ वर्षांचा होतो मी," ते इंजिनियरला नुकतंच सांगत होते. "असाच भोंगा वाजला. अख्खी वस्ती उठवली. माझ्या आजीला खाटेसकट उचललं, ती रस्त्यातच गेली. आणि पाणी? आमच्या पायरीलासुद्धा लागलं नाही. पुन्हा कुणाच्या आजीचे असे हाल मी करणार नाही." बोलताना त्यांचा आवाज फाटला होता. नाटक नव्हतं ते; नाटकं मी बरीच पाहिली आहेत.

मी ते पिवळं पान पुढे सरकवलं. "त्या वर्षी वरच्या गावाचा मातीचा बांध फुटला, साहेब. पाणी तिकडे घुसलं, एकशे बारा माणसं गेली. म्हणून खाली आलं नाही. आता तो बांध सिमेंटचा आहे. फुटायचा नाही."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "हे लिहिलं कोणी?"

"तेव्हाच्या कारकुनाने."

"तो होता तिथे?"

"नाही... रिपोर्टवरून उतरवलं असणार."

"मी होतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी पान पालथं ठेवलं.

माझी बहीण तिथे आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण भर मीटिंगमध्ये घरचं रडगाणं कुठे गायचं? मी कागदाचा माणूस, कागदापुरतंच बोललो.

खाली येऊन तिला फोन लावला. "मुकाट्याने माझ्याकडे निघून ये."

"अरे दादा, साहेब आत्ता टीव्हीवर त्यांच्या आजीचं सांगत होते. मला रडूच आलं बघ. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना हलवलं आणि वाटेत काही झालं म्हणजे?"

"ऐक माझं."

"तू आणि तुझे कागद!" ती हसली. "घाबरट कुठला."

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

महिन्याने मृतांची यादी माझ्याच टेबलावर आली. पानांना नंबर घालायचं काम माझं. चौदाव्या पानावर सासू आणि सून, एकीखाली एक. मी चौदाचा आकडा घातला. आणि पुढचं पान ओढलं, याची मला अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात साहेब एकटेच रेकॉर्डरूममध्ये आले. जुनी फाइल मागितली आणि स्टुलावर बसून ते पान पुन्हा वाचलं.

"तुमचं कुणी होतं का हो तिथे?"

"बहीण."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" साहेब जवळजवळ ओरडले. "मी ऐकलं असतं हो. ते ऐकलं असतं!"

मी त्यांच्या हातून फाइल घेतली. साहेब गेल्यावर मी ती जुनी आणि मृतांच्या यादीची, दोन्ही फायली एकाच फितीने बांधल्या. खालच्या कप्प्यांना पुराची ओल अजून होती, म्हणून वर ठेवल्या.