आपल्याला गार्ड नको

नॉर्बर्ट ह्रुस्काच्या सॉसेजच्या दुकानात दर एप्रिलात काउंटरमागच्या भिंतीवर सहा फुटी कागद लागतो. कागद मांस बांधायचाच, गुलाबीसर, एका बाजूने मेण लावलेला. मेणाच्या बाजूवर शाई धरत नाही हे नॉर्बर्टला पहिल्याच वर्षी कळलं, आणि त्यानंतर गेली चौतीस वर्षं तो खरखरीत बाजूवर लिहीत आला. वरच्या अर्ध्यात टीमला काय हवंय ते, खालच्या अर्ध्यात सात फेऱ्यांमध्ये कुणाकुणाला घ्यावं ते. टीम म्हणजे टीम. सरोवराच्या या काठावर तिचं नाव घ्यायची कुणाला गरज पडत नाही, आणि जानेवारीत मोसम संपल्यावर सहसा इच्छाही नसते.

ड्राफ्टमध्ये देशभरातल्या कॉलेजांतली अमेरिकन फुटबॉलची पोरं एकेक टीम आळीपाळीने उचलते. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी दुपारपासून उरलेल्या चार. ज्या टीमने उचललं तिकडे मुकाट्याने जायचं, पोराला कुणी विचारत नाही. नॉर्बर्टलाही टीमने आजवर काही विचारलं नव्हतं. गाव मात्र विचारायचं, कारण नॉर्बर्ट कुणाची भीडभाड ठेवत नसे. गावच्याच शाळेतून एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, निघाला होता, त्याच्यासाठी लोकांनी मुख्य रस्त्यावर कमान उभारली होती. त्या वर्षी नॉर्बर्टने कागदावर ‘हातात जोर नाही’ एवढं लिहून त्याला सातही फेऱ्यांतून वगळलं. पोराची आई दीड वर्ष दुकानाची पायरी चढली नाही. पोराचं पुढे विम्याच्या कचेरीत उत्तम चाललं आहे.

या वर्षी अडचण अशी होती की ड्राफ्टमध्ये नॉर्बर्टचा स्वतःचा मुलगा होता. टेडी, वय बावीस, उंची साडेसहा फूट, वजन एकशे पंचेचाळीस किलो, जागा डावा गार्ड. गार्डचं काम म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकपुढे उभं राहायचं आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचं. अडवलं तर कुणाचं लक्ष जात नाही, नाही अडवलं तर सगळ्या देशाचं जातं. जाणकारांनी टेडीला चौथ्या-पाचव्या फेरीत धरलं होतं. ईस्टरची गर्दी ओसरल्यावर नॉर्बर्टने कागद लावला, आणि त्यावर चौथ्या फेरीत एक कॉर्नरबॅक, म्हणजे लांबचे चेंडू अडवायला मागे पळणारा, होता, पाचवीत दुसरा कॉर्नरबॅक. टेडी कुठेच नव्हता. गरजांच्या यादीत शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘गार्ड नको. तीन आहेत.’

पहिल्यांदा वाचलं ते वॉल्ट मिकुलाने. वॉल्टने एकतीस वर्षं गावची बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी बसच्याच वेळेला दुकानात येऊन थांबायचा. त्याचं मत दरवर्षी एकच असे. गरजा वगैरे झूट, समोर जो सगळ्यात चांगला असेल तो उचलावा. त्याने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाला की नॉर्ब, तुझ्या हातून एक नाव राहिलंय. नॉर्बर्ट म्हणाला, राहिलं नाही. मग त्याने कॉर्नरबॅकचा पाढा सुरू केला. गेल्या मोसमात आपल्या डोक्यावरून लांबचे किती चेंडू गेले, मागे पळायला आपल्याकडे कोण आहे, एकाचं वय किती, दुसऱ्याची अक्कल किती. आकडा एकही चुकीचा नव्हता. वॉल्टने कागदाचा फोटो काढून गावभर पाठवला. बापाने स्वतःच्या मुलाला घेतलं नाही, याचं गावाला कौतुकच वाटलं. चर्चच्या पायऱ्यांवर लोक नॉर्बर्टचा हात हातात घेऊन सांगू लागले की माणूस असावा तर असा. नॉर्बर्ट मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

फिलिस गोर्काला मात्र कौतुक वाटलं नाही. फिलिस चर्चच्या कचेरीत बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी ठेवायची, आणि टीमच्या खेळाडूंच्या दुखापतींच्या नोंदी तेवढ्याच मनापासून ठेवायची. शुक्रवारी चर्चमधल्या माशांच्या जेवणाआधी ती दुकानात आली. गर्दी नव्हती. तिने हॅमचे पातळ काप मागितले आणि नॉर्बर्टची पाठ वळल्यावर बोलायला सुरुवात केली.

“तीन गार्ड आहेत म्हणतोस.”

“आहेत.”

“एकाचा गुडघा दोनदा कापलाय. दुसरा मुळात सेंटर आहे, मधल्या जागेवरचा, त्याला गार्डवर उभा केला की तो पाय कुठे ठेवायचे ते विसरतो. तिसऱ्याचा करार संपला, तो मार्चमध्येच टेक्सासला गेला. हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस नॉर्ब. आपल्याला दुसऱ्या कशाची नसेल इतकी गरज गार्डची आहे.”

नॉर्बर्ट हॅम कापत राहिला.

“चौतीस वर्षांत या कागदावर तू खोटं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं,” फिलिस म्हणाली. “का लिहिलंस, ते विचारत नाही. पण पोराने वाचलंय ते.”

नॉर्बर्टने काप मोजायचे सोडले होते. तिला पाव पौंड हवे होते, त्याने पाऊण बांधले.

का लिहिलं, ते नॉर्बर्टला चांगलं ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी टीमचा डावा गार्ड ड्वेन प्रूट नावाचा माणूस होता, जर्सीवर सहासष्ट नंबर असलेला. शांत होता, दर शनिवारी याच दुकानातून दोन पौंड धुरी दिलेलं सॉसेज न्यायचा. जानेवारीतल्या बाद फेरीच्या सामन्यात त्याचा पाय घसरला, पलीकडचा गडी मोकळा सुटला आणि क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. मोसम तिथेच संपला. पुढच्या शनिवारी प्रूट बायकोला घेऊन दुकानात आला, तिच्या कडेवर तान्हं होतं. दाराशी रांगेच्या नंबरांच्या चिठ्ठ्यांचं लाल यंत्र आहे, त्यातून त्याने रीतसर चिठ्ठी घेतली. चिठ्ठी एक्केचाळीसची होती. नॉर्बर्टने चाळिसाव्याचं सामान बांधलं, काउंटरवर हात टेकले आणि मोठ्याने हाक दिली, “सहासष्ट.”

दुकान हसून हसून लोळलं. प्रूटही हसला, पुढे आला, दोन पौंड सॉसेज घेतलं आणि आभार मानून गेला. बायको हसली नाही. ती दोघं पुन्हा दुकानात आली नाहीत, आणि उन्हाळ्यात टीमने प्रूटला काढून टाकलं. हा किस्सा पुढे बारा वर्षं गावात नॉर्बर्टच्या नावाने सांगितला जात होता. नॉर्बर्ट स्वतःही सांगायचा, फक्त त्या बाईचा भाग गाळून. आणि आता टेडीला टीमने उचललं, तर एखाद्या जानेवारीत कधीतरी त्याचाही पाय घसरणार. गार्डचा पाय कधीतरी घसरतोच. मग या गावातली तोंडं, याच दुकानातल्या रांगेत उभी राहून, काय बोलतील ते त्याला शब्दन्‌शब्द माहीत होतं. त्यातलं बरंचसं त्यानेच त्यांना शिकवलं होतं. टेडीने सीॲटलला जावं, मायामीला जावं, लोकांनी शिव्या द्यायच्या तर दोन हजार मैलांवर द्याव्यात, एवढंच त्याला हवं होतं. कागदावर लिहिल्याने टीम ऐकेल असं त्याला वाटत नव्हतं. पण दुसरं करण्यासारखंही त्याच्या हातात काही नव्हतं.

शनिवारी दुपारी बाराला चौथी फेरी सुरू झाली तेव्हा दुकानात नऊ-दहा गिऱ्हाइकं होती, कोपऱ्यातला टीव्ही चालू होता, आणि वॉल्ट आणि फिलिस त्याच्याखाली दोन खुर्च्या टाकून बसले होते. टेडी वाकून दारातून आत आला. घरी आई रीटा दर पाच मिनिटांनी काहीतरी खायला पुढे करत होती म्हणून आपण निघून आलो, असं त्याने सांगितलं. मग तो काउंटरच्या आत गेला आणि बापाशेजारी उभा राहून कागद वाचू लागला. त्याला वाचायला वेळ लागला नाही, कारण वॉल्टकडून आलेला फोटो मागच्या आठवड्यापासून त्याच्या फोनमध्ये होता.

“बाबा, माझे पाय हळू पडतात म्हणून?” तो हळूच म्हणाला. “डावीकडे सरकताना?”

खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. नॉर्बर्टने सुरी पुसली, पुन्हा पुसली.

“कॉर्नरबॅकची गरज जास्त आहे,” तो म्हणाला.

“बरं,” टेडी म्हणाला. कॉलेजात त्याचे सामने बघायला बाप एकही शनिवार न चुकवता साडेतीन तास गाडी हाकत यायचा आणि परतीच्या वाटेवर फोनवर चुका सांगायचा. त्या चुका टेडीने वहीत उतरवून ठेवल्या होत्या. आता त्याला वाटलं की वही भरली असावी. त्याने एप्रन चढवला, जो त्याच्या पोटावर रुमालाएवढा दिसत होता, आणि न सांगता सॉसेज बांधू लागला. नॉर्बर्टला फार वाईट वाटलं, आणि त्याने पुढचा नंबर पुकारला.

एक वाजून दहा मिनिटांनी टेडीचा फोन वाजला. त्याने चिकट बोटांनी तो कानाला लावला. “हो सर,” तो म्हणाला. मग “हो सर,” आणि मग, “इथून वीस मिनिटांवर, सर.” फिलिसने छातीवर क्रूसाची खूण केली. वॉल्ट खुर्चीवरून उठला, तेवढ्यात टीव्हीवर टेडीचं नाव आलं, उच्चार चुकलेला, आणि त्याच्यापुढे टीमचं नाव. सगळं दुकान नॉर्बर्टच्या गळ्यात पडलं. वॉल्ट रडला आणि म्हणाला की धुराने डोळे चुरचुरतात. फिलिसने नॉर्बर्टकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. टेडी फोन घेऊन आतल्या दाराशी गेला, आईला सांगायला. दार त्याने पूर्ण लावलं नाही.

चार मिनिटं झाली नसतील. रांगेत पुढचा माणूस आला. परगावचा होता, टीमची टोपी घातलेला, सरोवरावर मासे धरायला आलेला असावा. तो एवढा वेळ टीव्हीच बघत होता.

“गार्ड,” तो म्हणाला. “चौथ्या फेरीत गार्ड. यांना काही शिकवावं का कुणी? आपल्याला कॉर्नरबॅक हवा होता.” आणि नॉर्बर्टच्या डोक्यावरच्या कागदाकडे बोट करून म्हणाला, “हे बघा, तुम्हीसुद्धा तेच लिहिलंय. सॉसेजवाल्याला कळतं ते त्यांना कळत नाही.”

वॉल्टने तोंड उघडलं, फिलिसने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं.

नॉर्बर्टने सुरी बाजूला ठेवली. “गार्डच हवा होता,” तो म्हणाला. माणूस हसला. नॉर्बर्टने मग त्याला गुडघा सांगितला, दोनदा कापलेला. सेंटरचं सांगितलं, टेक्सासचं सांगितलं. गेल्या मोसमात क्वार्टरबॅक कितीदा तोंडावर पडला आणि त्याला पाडणारे किती जण डावीकडून आले, ते सामन्यागणिक सांगितलं. माणूस काही खुळा नव्हता, त्यानेही दहा गोष्टी काढल्या. या नव्या पोराचे पाय हळू आहेत, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

“हळू होते,” नॉर्बर्ट म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी. पोराने घासून घासून सुधारले. मी त्याचा प्रत्येक सामना पाहिलाय. या फेरीत त्याच्यापेक्षा चांगला गार्ड नव्हता, आणि तिसऱ्या फेरीतही एकच होता. मी असतो तर तिसरीतच घेतला असता.”

आतल्या दाराशी टेडीचं फोनवरचं बोलणं थांबलं होतं.

“मग असं काय?” माणसाने कागदाकडे हात केला. “एवढा चांगला आहे तर तुम्ही का नाही लिहिलंत त्याला?”

“भ्यालो,” नॉर्बर्ट म्हणाला.

माणसाने बाकीच्यांकडे पाहिलं, पण कुणीच त्याला मदत करेना. शेवटी त्याने आपलं पुडकं उचललं.

“गार्डला काय भ्यायचं?” तो म्हणाला, आणि टोपी सारखी करत बाहेर पडला.